डाव्या बुटातली चूक

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. नीट सांगायचे तर अर्धाच जोड. डाव्या पायाचा, काळ्या कातड्याचा, आठ नंबरचा. बूट म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दोन येतात. मी मात्र गेली तीन वर्षे एकटा आहे, एका रुग्णालयातल्या टेबलावर. माझ्यात आता कोणाचा पाय येत नाही. असे का झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका चौकातल्या इवल्याशा दुकानात झाला. दुकान कसले, बसायला एक पाट, एक लाकडी पेटी आणि भिंतीवर टांगलेले पायांचे साचे. तिथला कारागीर मान खाली घालून काम करी आणि माणसाला चेहऱ्याआधी पायांवरून ओळखी. त्याने माझे कातडे साच्यावर ताणले, आरीने भोके पाडून मला शिवले आणि तळाच्या कडेने बारीक खिळे ठोकले. या बारीक खिळ्याला त्याच्या कामात 'चूक' म्हणतात. ते ऐकून मी आणि माझा जोडीदार उजवा खूप हसलो होतो. अंगात सोळा चुका आणि तरी आपण नवेकोरे!

आम्हाला नेले एका वीजमीटर वाचणाऱ्या गृहस्थांनी. घरोघर जायचे, मीटरवरचा आकडा टिपायचा आणि पुढचे दार वाजवायचे, हे त्यांचे काम. लोक त्यांना मीटरकाका म्हणत. कोणत्या जिन्याची कितवी पायरी फुटली आहे, कोणत्या घरचा कुत्रा भुंकतो आणि कोणता नुसताच बघत बसतो, हे सगळे आम्हाला पाठ होते. तुम्हाला तोंडपाठ असते, आम्हाला तळपाठ. एकदा काकांचे साहेब आम्हाला बघून म्हणाले, "यांचे आकडे तपासायची गरज नाही. घरात बसून आकडे लिहिणाऱ्याचे बूट असे झिजत नाहीत." त्या दिवशी काकांनी आम्हाला दोनदा पॉलिश केले.

काका निवृत्त झाले, तेव्हा काकू नुकत्याच वारल्या होत्या. एकुलती एक मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. काकांचा दिवस सुरू व्हायचा तो संध्याकाळी पाच वाजता. तेव्हा त्यांचे दोन मित्र खालून हाक मारत. एक शाळेतले मास्तर आणि दुसरे बसचे कंडक्टर, दोघेही निवृत्त. तिघे मिळून गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत चालत जात. वाटेत काका दोन-तीन सिगारेटी ओढत. तरुणपणापासूनची सवय होती ती. मास्तर नाक मुरडत, कंडक्टर खिडकी उघडल्यासारखे हात हलवत आणि काका हसत.

मग एका संध्याकाळी काकांची डावी पोटरी आखडली. ओले कापड पिळावे तशी. काका थांबले. तीन-चार मिनिटांत कळ गेली. पुन्हा दोनशे पावले झाली, पुन्हा कळ. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

दुखते म्हणून सांगायची काकांना लाज वाटे. आयुष्यभर चालण्यावर पोट भरलेला माणूस! मग त्यांनी एक युक्ती काढली. कळ आली की ते जे दुकान समोर असेल त्याच्या काचेपुढे उभे राहत आणि आतला माल निरखत. कधी चष्मे, कधी कुकर. एकदा नेमके तान्ह्या बाळांच्या कपड्यांचे दुकान आले. कंडक्टर मागे वळून ओरडले, "काय रे, कोणासाठी झबलं बघतोयस?" रस्त्यावरचे लोक हसले. काकाही हसले. पण त्यांच्या पायाची बोटे माझ्या आत घट्ट आवळली गेली होती, ते फक्त मला ठाऊक होते.

त्यानंतर ते म्हणू लागले, "तुम्ही व्हा पुढे, मला पेपर घ्यायचाय." पुढे म्हणू लागले, "आज पाहुणे यायचेत." पाहुणे कधीच आले नाहीत. मित्रांनी काही दिवस हाका मारल्या. "मीटर बंद पडलं वाटतं!" असे कंडक्टर खालून म्हणाल्याचे मी ऐकले. काका दाराआड उभे होते. त्यांचा हात कडीवर होता, पण कडी काढली गेली नाही. हळूहळू हाका थांबल्या. पाच वाजायचे, काका घड्याळाकडे बघायचे आणि सिगारेट पेटवायचे.

त्या दोन वर्षांत काकांचा डावा पाय जितका मला कळला, तितका कोणालाच कळला नसेल. भर उन्हाळ्यातही तो गार असे. नडगीवरचे केस गेले, कातडी ताणल्यासारखी चकाकू लागली, नखे जाड झाली. उजवा मला विचारी, "तुझ्याकडे एवढा गारठा कसला?" मी त्याला सांगितले, पण काकांना कसे सांगणार? बुटाला जीभ असते मित्रांनो, पण ती बोलत नाही.

आणि मग माझ्या हातून ते घडले. खरे तर माझ्या तळातून. झिजून झिजून माझा तळ पातळ झाला आणि कडेची एक चूक वर आली. नेमकी करंगळीखाली. काका दूध आणायला निघाले की ती प्रत्येक पावलाला टोचायची. मला वाटले, आता हे ओरडतील, मला काढून आपटतील. पण काकांना काहीच कळले नाही. त्यांच्या रक्तात साखर वाढली होती, त्यामुळे पाय बधिर झाला होता. आणि हे त्यांना माहीतच नव्हते. मोज्यावर डाग दिसला तेव्हा त्यांनी कपाटातले जुने मलम लावले, वर चिंधी बांधली आणि पाय पुन्हा माझ्यात घातला. महिना झाला तरी जखम भरेना. दोनशे पावलांची साठ पावले झाली. मुलीचा फोन आला की काका म्हणत, "मजेत आहे गं. रोज तळ्यापर्यंत जातो."

शेवटी एका सकाळी ते आम्हाला घेऊन त्या चौकातल्या कारागिराकडे गेले. "डाव्यात काहीतरी वर आलंय बहुतेक," ते म्हणाले. "मोजे फाटतायत."

कारागिराने माझ्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला. त्याने चूक पाहिली, आतला काळा डाग पाहिला आणि मला बाजूला ठेवले.

"काका, मोजा काढा."

"अरे, बूट नीट कर ना आधी."

"बूट कुठं पळत नाही. मोजा काढा."

करंगळी काळीनिळी पडली होती. कारागिराने दोन्ही पावलांवर हात ठेवला. म्हणाला, "हा पाय उन्हातून आल्यासारखा आणि हा विहिरीतून काढल्यासारखा. काका, हे माझ्या हातचं काम नाही." त्याने भर सकाळी दुकान झाकले, काकांना गाडीत बसवले आणि स्वतः त्यांच्याबरोबर रुग्णालयात आला. मी त्याच्या मांडीवर होतो.

तिथे आम्हाला खाटेखाली ठेवले. तिथून सगळे ऐकू येत होते. डॉक्टरबाईंनी काकांच्या पावलावर आणि घोट्यामागे नाडी शोधली. उजवीकडे सापडली, डावीकडे नाही. मग त्यांनी पेनासारखे एक यंत्र लावले. उजव्या पायातून हुश्श, हुश्श असा आवाज आला. डाव्यातून नुसती खरखर. हाताचा रक्तदाब दीडशे भरला आणि त्या घोट्याचा जेमतेम साठ.

"तुमच्या पायाकडे जाणाऱ्या रक्ताच्या नळीत चरबीचा साका बसलाय," बाई म्हणाल्या. "चाललं की पोटरी जास्त रक्त मागते, ते मिळत नाही म्हणून कळ येते. सिगारेट आणि साखर, दोघींनी मिळून हे केलंय. कधीपासून दुखतंय?"

"दोन वर्षं झाली. वाटलं, वयामुळे असेल."

"घरी कोणाला सांगितलंत?"

काका म्हणाले, "घरी सांगायला आहे कोण?"

बाईंनी स्टूल जवळ ओढले. "आता नळी आतून मोकळी करून बघू. रक्त उतरलं, तर करंगळीवर भागेल. नाही उतरलं, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. खोटं सांगत नाही."

कारागिराने काकांच्या मुलीला फोन लावून दिला होता. ती दुसऱ्या दिवशी आली. तिने आधी वडिलांचा पाय पाहिला, मग वडिलांकडे पाहिले.

"रोज तळ्यापर्यंत जाता ना बाबा? कुठलं तळं हो?"

काकांनी मान खाली घातली. ती खाटेच्या कडेला बसून रडू लागली आणि काका अवघडल्या हाताने तिची पाठ थोपटत राहिले.

त्याच दिवशी काकांना आत नेले. जांघेतल्या नळीतून बारीक तार घालतात, साका असेल तिथे फुगा फुगवतात आणि आत एक जाळी बसवतात, असे सिस्टर मुलीला समजावत होत्या. खाट रिकामी झाली. मुलगी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. खाटेखाली आम्ही दोघेच. उजवा भिंतीकडे कलंडून पडला होता. एका पायाच्या माणसाला डावा बूट लागत नाही, हे मला कळत होते. पण त्याचे मला तेव्हा काही वाटले नाही. ती टोचणारी चूक माझी होती, एवढेच मनात येत होते. माझे आयुष्य मोठे आहे, पण त्या चार तासांएवढा एकटा मी कधीच नव्हतो.

दुपारी खाट भरली. सिस्टरांनी ते पेन डाव्या पावलावर टेकवले. आधी खरखर. मग हुश्श. पुन्हा हुश्श. मुलीने पावलावर तळहात ठेवला आणि तशीच राहिली.

"बाबा, पाय गरम लागतोय," ती म्हणाली.

तीन दिवसांनी करंगळी काढली. पाय राहिला.

मास्तर आणि कंडक्टर भेटायला आले ते कारागिराकडून कळल्यावर. मग काकांनी सगळे सांगितले. चष्म्यांचे दुकान, कुकरचे दुकान, सगळे.

"म्हणजे तुझा पाय दुखत होता?" मास्तर म्हणाले. "अरे, आम्हाला वाटलं, तुला आमचा कंटाळा आला!"

कंडक्टरांना झबल्याची चेष्टा आठवली असावी. त्यांनी काकांच्या उशाशी पडलेले सिगारेटचे पाकीट उचलले आणि खिशात घातले. ते पुन्हा बाहेर काढले नाही.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी काकांना बजावले. गोळ्या चुकवायच्या नाहीत. धूर कायमचा बंद. पाय रोज उजेडात बघायचे. जखम भरली की चालायचे. कळ आली की थांबायचे, गेली की पुन्हा चालायचे. बूट मऊ आणि रुंद हवेत. मुलगी मला कचऱ्यात टाकायला निघाली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "तो डावा मला द्याल? लोकांना दाखवायला हवाय."

उजवा काकांच्या उजव्या पायात चढला. डाव्या पायाला पट्टी होती. दारापाशी उजवा किंचित करकरला. मी आवाज दिला नाही. आत पाय नसताना, टेबलावर पडून कसा देणार? ती आमची शेवटची भेट. पुढे त्याचे काय झाले, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. सिस्टरांनी ती चूक तशीच ठेवली आहे, टोक मात्र कानशीने बोथट केले आहे. पाय दुखणारी माणसे येतात आणि सिस्टर त्यांना माझ्यात हात घालायला लावतात. "रोज बूट घालायच्या आधी असाच हात फिरवायचा," त्या सांगतात. दिवसभरात वीस-पंचवीस हात येतात. येतात आणि जातात. संध्याकाळी पाच वाजता दार बंद होते.

काका दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. धूर सुटला आहे. आता ते मास्तर आणि कंडक्टरबरोबर तळ्यापर्यंत जातात, वाटेत तिघेही दोनदा थांबून. मागच्या खेपेला शेजारच्या खुर्चीवर एक नवे गृहस्थ होते. माझ्याकडे संशयाने बघत म्हणाले, "एवढ्याशा खिळ्यानं काय होतंय?"

काकांनी बूट काढला, मोजा काढला आणि चार बोटांचे पाऊल त्यांच्यासमोर धरले. त्या गृहस्थांनी ते वाकून पाहिले. मग हळूच म्हणाले, "माझीपण पोटरी दुखते. घरी बोललो नाही."

"मग आज बोला," काका म्हणाले.

मित्रांनो, मला कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. तुमच्या घरातही कोणी चालता चालता मध्येच थांबत असेल. आजोबा असतील, आत्या असेल, शेजारचे काका असतील. तुम्ही पुढे पळू नका. त्यांच्याजवळ थांबा आणि का थांबलात, एवढे विचारा. "उगीच" असे उत्तर आले, तर पुन्हा विचारा.