आईने आवळलेला पंखा

आमच्या बैठकीच्या टेबलावर गेली बावीस वर्षं नौदलाच्या जुन्या रॉकेटचा फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारं टोक, बसला होता, कागद उडू नयेत म्हणून. पितळेचा, मुठीएवढा, नाकावर चिमुकला पंखा. बाबा फ्यूजच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांनी लवकर निवृत्ती घेतली, तेव्हा सहकाऱ्यांनी तो भेट दिला होता. "पोकळ आहे, आत दारू नाही," बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि मग त्यांचं पुराण सुरू. रॉकेट उडालं की वाऱ्याने पंखा फिरतो, साठ फेरे झाले की गळून पडतो, आणि तेव्हा कुठे आतली सुई मोकळी होते; मग आपटलं की स्फोट. तोवर जहाजावरची माणसं सुखरूप.

लहानपणी मी तो पंखा फिरवायचे, आता माझी लेक टिल्ली फिरवते. आई मात्र रोज संध्याकाळी टेबल आवरताना तो परत घट्ट आवळून ठेवायची. "सैल वस्तू मला बघवत नाही," म्हणायची. यावरून मी तिची काय कमी टर उडवली!

मावशी आजारी म्हणून आई नऊ दिवस तिकडेच आहे. आज दुपारी बाबांचे जुने जोडीदार आले. केसाएवढा फरकही पकडत, म्हणून कारखान्यात त्यांना सगळे मायक्रोमीटर म्हणत. चहा पिता पिता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. टिल्ली फ्यूज हातात धरून टेबलफॅनसमोर उभी होती आणि फ्यूजच्या नाकावरचा पंखा भिरभिरत होता.

"बाळा, हलू नकोस हं," ते इतक्या हळू म्हणाले की मी हातातला कप खाली ठेवला.

त्यांनी दोन बोटांत पंखा पकडला, फ्यूज काढून घेतला, उशीवर ठेवला. मग बाबांकडे वळले. "भोक कुठंय?"

"कसलं भोक?" मी विचारलं.

"रिकाम्या फ्यूजला बाजूला भोक पाडतात. बघताक्षणी कळावं म्हणून. हा भरलेला आहे."

बाबा पांढरेफटक पडले. साहेबाने हातात दिलेला फ्यूजसुद्धा उलटासुलटा करून पाहणारा हा माणूस! रंगीत कागदात बांधून आलेला तेवढा त्यांनी तपासला नव्हता.

"भेट काय तपासायची असते का रे?" ते पुटपुटले. माझा नुसता संताप झाला.

"पंखा गळायला दोनच फेरे उरलेत," मायक्रोमीटर म्हणाले. "पोरं रोज फिरवत असणार, मग हा इतकी वर्षं टिकला कसा?"

टिल्लीला उचलून आम्ही समोरच्या फुटपाथवर आलो. बाबांनी पोलिसांना कळवलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई.

"आई, अगं, तो फ्यूज..."

"हो, तेच विचारायला फोन केला. मी नाही तर टेबल कोण आवरतंय? पंखा आवळून ठेवतेस ना गं रोज?"

"नाही गं आई," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "एकदाही नाही."