आर्गिरिसच्या नावाचं ताट

ग्रीसमधल्या पालिओहोरी गावात कुणी वारलं की घरचे लोक आधी पाद्र्याकडे जात आणि तिथून सरळ गारिफालियाकडे. गेली तीस वर्षं गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं कोलिवा तिनंच केलं होतं. कोलिवा म्हणजे अंत्यविधीला, आणि सगळ्या गेलेल्यांसाठी असलेल्या मृतांच्या शनिवारी, चर्चमधल्या प्रार्थनेनंतर वाटायचा गोड गहू. गहू उकडायचे, रात्रभर कापडावर पसरून कोरडे करायचे, त्यात डाळिंबाचे दाणे, मनुका, बदाम घालायचे, वर पिठीसाखरेचा जाड थर द्यायचा आणि त्यावर चंदेरी साखरगोळ्यांनी गेलेल्याच्या नाव-आडनावाची दोन आद्याक्षरं मांडायची. पण दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या गावातल्या एका मिठाईवाल्यानं हेच मोबाईलवर मागणी घेऊन, डब्यांत भरून घरपोच द्यायला सुरुवात केली आणि गारिफालियाचं मोठं पातेलं पालथं पडलं. लोक मरायचे थांबले नव्हते, फक्त तिच्याकडे येत नव्हते.

तिची मुलगी आसिमिना बायकांचे केस कापायचं दुकान चालवायची. तिला फेसबुकमुळे तीन गावांतून गिऱ्हाईक यायचं, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा. तिनं आईच्या नावानं पान उघडलं आणि नियम सांगून टाकले: फोटो खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात काढायचा. लोक कॉफी पिताना मोबाईल बघतात, तेव्हाच तो टाकायचा. आईचे हात त्यात दिसले पाहिजेत. आणि कुणी काही लिहिलं की त्याला उत्तर द्यायचंच, मग ते कितीही मूर्खासारखं असो.

पहिला फोटो नुसत्या पांढऱ्या ताटाचा होता. त्याखाली अथेन्सच्या एका बाईनं विचारलं, या केकमध्ये अंडी आहेत का? गारिफालियानं कपाळावर हात मारला. आसिमिना म्हणाली, "अक्षरं नाहीत म्हणून असं होतं. कुठलीही दोन घाल ना."

"कुठलीही म्हणजे? या गावात कुठलीही दोन अक्षरं घातली तरी कुणीतरी जिवंत सापडतंच."

ते खरंच होतं. एक जोडी बेकरीवाल्याची निघाली, दुसरी खुद्द पाद्र्याची. जिवंत माणसाच्या नावानं कोलिवा करणं म्हणजे त्याला उचलून खड्ड्यात ठेवण्यासारखं. शेवटी तिला आजोबा आठवले. वडिलांचे वडील, आर्गिरिस लाझारिदिस, जाऊन पन्नास वर्षं झालेली. त्यांचं कुणाला काय वाईट वाटणार? तिनं त्यांची आल्फा आणि लाम्दा ही अक्षरं मांडली, आसिमिनानं फोटो काढून खाली लिहिलं, "आपल्या माणसासाठी, मनापासून."

घोटाळा झाला तो इथे. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं ही गावाची रीत, आणि ते आजोबा तर आता कुणालाच आठवत नव्हते. गावाला माहीत असलेला आर्गिरिस लाझारिदिस एकच: गारिफालियाचा धाकटा भाऊ, जर्मनीत ट्राम चालवणारा, नऊ वर्षांत गावाकडे न फिरकलेला.

दुपारपर्यंत फोटोखाली सांत्वनाची रांग लागली. "तुम्हाला आयुष्य लाभो, गारिफालिया." "त्याची आठवण अमर राहो." त्याच्या फुटबॉलच्या संघातल्या कुणीतरी लिहिलं की असा गोलरक्षक पुन्हा झाला नाही. एकीनं लिहिलं की त्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं आणि ती उगाच नाही म्हणाली. या सगळ्यात ताटही लोकांच्या डोळ्यांत भरलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत सहा मागण्या आल्या, त्यांतली एक थेसालोनिकीहून.

आसिमिना हबकली. मामा जिवंत आहे असं ताबडतोब लिहू या, म्हणाली. गारिफालियानं तिच्या हातून मोबाईल काढून घेतला. "उद्या लिही."

तिला ते वाचायचं होतं. नऊ वर्षांत या घरात कुणी आर्गिरिसचं नाव घेतलं नव्हतं, तिच्या धाकानं. आई गेली तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं होतं, निघालोय, एक दिवस थांब. ती थांबली नाही. पाद्री मोकळा होता, खड्डा खणून झाला होता आणि तिला सगळं उरकून टाकायचं होतं. तो दुसऱ्या दिवशी पोचला, तर आई मातीखाली. वर गारिफालिया चार लोकांत म्हणाली, "आलास का वेळ काढून?" त्यानं दुखवट्याच्या कडवट कॉफीचा कप तसाच ठेवला, कोलिव्याचा दाणाही तोंडात घातला नाही आणि परत गेला.

तेव्हापासून त्याच्या दर वाढदिवसाला ती त्याचा नंबर काढायची आणि फोन बाजूला ठेवायची. आज चंदेरी गोळ्या मांडताना आजोबांचा चेहरा एकदाही तिच्या डोळ्यांसमोर आला नव्हता, हे तिला आता उमगलं. तिला भाऊ हवा होता. त्यानं हे कुठूनतरी बघावं, चिडावं, शिव्या द्याव्यात, काहीही करावं. आणि त्याच वेळी भीतीही होती, की आपण आपल्याच हातानं अशुभ ओढवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आसिमिनानं खुलासा लिहिला. लोक हसले, काही रागावले, गोलरक्षकाच्या मित्रानं लिहिलं, आता आर्गिरिसनं सगळ्यांना वाइन पाजावी. आर्गिरिसकडून काही आलं नाही. गारिफालिया मागण्यांचे गहू निवडत राहिली आणि दर थोड्या वेळानं विचारत राहिली, नवीन कुणी लिहिलंय का? आसिमिनाला वाटलं, आईचं लक्ष धंद्यात लागलं.

पाचव्या दिवशी एक खासगी निरोप आला. लिहिणाऱ्याचा चेहरा नव्हता, फोटोच्या जागी एक पिवळी ट्राम होती. आसिमिनानं मोठ्यानं वाचला.

"नमस्कार. तुमच्याकडून एक ताट हवं आहे. नाव आनास्तासिया लाझारिदू. माझ्या आईचं कोलिवा मी त्या वेळी खाल्लं नव्हतं, ते राहून गेलंय. जर्मनीत पाठवता का? पैसे आधी भरतो. आणि मी मेलेलो नाही."

गारिफालिया खुर्चीत बसली. सख्खा भाऊ, आणि 'तुम्ही' म्हणतोय, गिऱ्हाइकासारखा. मग म्हणाली, "लिही. आम्ही पाठवत नाही. घरच्या माणसानं येऊन न्यायचं असतं."

"आई, कालच थेसालोनिकीला पाठवलं की."

"ते गिऱ्हाईक होतं. लिही."

आसिमिनानं लिहिलं. त्यानं वाचल्याची खूण लगेच दिसली, पण उत्तर येईना. आसिमिना दुकान उघडायला निघून गेली तरी गारिफालिया मोबाईल समोर ठेवून तशीच बसली. गॅसवर गहू फुटून लगदा झाले, तीस वर्षांत पहिल्यांदा, तरी ती उठली नाही.

दुपारी उत्तर आलं.

"ताई, मृतांच्या शनिवारी यायचं तर विमान दुपारी उतरतं. गावात पोचायला संध्याकाळ होईल. प्रार्थना तर सकाळीच आटपते. म्हणजे पुन्हा उशीरच."

उत्तर लिहून द्यायला आसिमिना नव्हती. गारिफालियानं चष्मा चढवला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, चुका पुसत, स्वतःच लिहिलं:

"तू ये, आर्गिरिस. या वेळी मी थांबते."