चाकाला हात लावू नकोस

मी दुर्बीण बोलतेय. बोलते मी, लिहितो माझा मालक. त्याची शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत. जड शब्द त्याला जमत नाहीत आणि माझं त्यांच्यावाचून अडत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. दोन नळ्या, पुढे-मागे भिंगं आणि पोटात काचेचे तिरपे ठोकळे. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. समोरच्या भिंतीवर एक फुली काढलेली होती. माझ्या दोन्ही नळ्यांतून ती एकच दिसेपर्यंत बाईने मला सोडलं नाही. मग माझ्या मधल्या चाकावरून तिने बोट फिरवलं, आणि फुली धूसर झाली, पुन्हा स्पष्ट झाली. "पास," ती म्हणाली. माझ्याबद्दल कोणी काढलेला तो पहिला शब्द.

माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. डोंगरावर फिरायला जायचं म्हणून त्याने मला आणलं. एक शिखर बघून झालं. मग मुलांनी मला उलटं धरलं आणि आपली आई मुंगीएवढी दिसते म्हणून पोट धरून हसली. घरी परत आल्यावर मी कपाटावर गेले ती तिथेच राहिले. माणसं लांबचं बघायला मला विकत आणतात, आणि आणल्यावर माझ्याकडेच बघत नाहीत. मी तक्रार करत नाही. काचेला राग येत नाही, नुसती धूळ बसते.

त्या घरात एकदा खिडकीची काच फुटली. ती बसवायला एक काचवाला आला. अंगाने किरकोळ, बोटांना कायम काच बसवायची लांबी लागलेली, कानामागे पेन्सिल. स्टुलावर चढल्यावर त्याला मी दिसले. त्याने फुंकर मारली, सदऱ्याच्या टोकाने माझी भिंगं पुसली आणि उघड्या चौकटीतून बाहेर बघत राहिला. काच बसवायची राहिली बाजूलाच.

"काय दिसतंय एवढं?" डॉक्टरने विचारलं.

"पाकोळ्या, साहेब. शेकड्याने चालल्यात. उत्तरेला."

"आवडली तर घेऊन जा. इथे नुसती धूळ खातेय."

अशी मी काचवाल्याची झाले.

गावाबाहेर पाणीपुरवठ्याचा मोठा तलाव होता. थंडी सरली की दक्षिणेकडून परतणारे पक्षी तिथे उतरायचे. दोन-चार दिवस खायचे, आराम करायचे आणि वारा अनुकूल झाला की पुढे जायचे. काचवाला दुकान उघडायच्या आधी तिथे जायचा. बरोबर शिवणकाम करणारी मावशी असायची. नात्याची नव्हे, सगळ्या गावाचीच मावशी. तिची स्वतःची लहान दुर्बीण होती, तिला तिने सुताच्या रिळाची दोरी बांधली होती. तिसरे पंपवाले काका. त्यांची ड्युटीच तिथे.

पंपघराच्या लोखंडी दारावर हे तिघे खडूने पक्ष्यांची नावं लिहायचे. त्या मोसमात जे दिसेल ते. मोसम संपला की दार धुऊन टाकायचं. एका वर्षी काकांनी दारावर भलंमोठं 'गरुड' लिहिलं. मावशीने जाऊन बघितलं तर विजेच्या तारेला अडकलेली काळी पिशवी.

"उडत होता हो, शपथ!" काका म्हणाले.

"वारा होता. माझा परकरही उडतो दोरीवर. लिहू का दारावर?"

तेव्हापासून नियम झाला. दोघांना दिसलं तरच दारावर. एकट्याने पाहिलेलं म्हणजे न पाहिलेलं.

काचवाल्याने एकदा मानमोडी पाहिली होती. एकट्याने. मानमोडी म्हणजे चिमणीपेक्षा थोडा मोठा, वाळक्या सालीच्या रंगाचा पक्षी. फांदीवर बसला की फांदीच वाटतो. घाबरला की मान सापासारखी वळवतो. मावशी धापा टाकत येईपर्यंत तो उडून गेला होता. काचवाल्याने खडू हातात घेतला आणि परत ठेवला. नंतर किती मोसम गेले, पण मानमोडी काही दारावर चढली नाही. त्याच्या बोलण्यात मात्र ती रोज असायची.

त्याचा एक मुलगा होता. तोच माझा आताचा मालक. बापाची छाती दुखायला लागली तेव्हा त्याने शाळा सोडली आणि दुकानात हिरकणीने काच कापायला बसला. लाजाळू. गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा काचेकडे बघून बोलायचा. पक्ष्यांचं त्याला काही नव्हतं. बाप बोलावायचा, तो म्हणायचा, "तुम्ही जा, मी दुकान झाडतो."

गेल्या थंडीत बापाला दवाखान्यात ठेवलं. मी उशापाशी होते. खिडकीतून समोरच्या इमारतीचा सज्जा दिसायचा. तिथे एका कबुतराने घरटं केलं होतं. दोन काड्या आणि एक वायर, की झाला संसार. बापाने बराच वेळ खटपट करून माझं चाक फिरवलं.

"बघ, बघ," तो मुलाला म्हणाला. "असलं काम माझ्या हाताखाली केलं असतं तर त्याच दिवशी घरी बसवला असता. घे. चाकाला हात लावू नकोस, आत्ताच कुठे जमलंय."

मुलाने मला डोळ्यांना लावलं. कबुतर स्पष्ट होतं. त्याचा लाल डोळा, वायरचं टोक, सगळं. "दिसलं?" बापाने विचारलं. "दिसलं," मुलगा म्हणाला. मग नर्स आली आणि मी पेटीत गेले. त्यानंतर बापाला मला उचलता आलं नाही.

घरी माणसं भेटायला आली. "रडून घे रे, मोकळा होशील," असं त्याला सगळे सांगत होते. तो "हो" म्हणायचा आणि चहाचे कप गोळा करायचा. तो रडला नाही. चिडलाही नाही. तेराव्या-चौदाव्या दिवशी दुकान उघडून त्याने एका शोकेसच्या काचा कापल्या. मापं बरोबर आली.

संध्याकाळी तो मला पेटीतून काढून खिडकीत उभा राहायचा. चाक होतं तिथेच. समोरच्या घराचं कपडे वाळत घालायचं दांडकं तेवढं स्पष्ट दिसायचं, कारण ते त्या सज्ज्याएवढंच लांब होतं. बाकी सगळं धुकं. तो ते दांडकं बघायचा. कोणाचे तरी मोजे, कोणाची तरी चादर. मग मला परत पेटीत ठेवायचा. दुर्बिणीचं चाक दर वेळी फिरवायचं असतं हे लहान पोरालाही कळतं. त्यालाही कळत होतं. पण बापाने त्याला सांगितलेली ती शेवटची गोष्ट होती. ती तो पाळत होता.

हवा बदलली, पाकोळ्या यायला लागल्या आणि एके दिवशी मावशी दुकानात आली.

"उद्यापासून तलावावर ये."

"मला पक्षी ओळखता येत नाहीत, मावशी."

"ओळखायला मी आहे. तू नुसतं बघायचंस. दोघं लागतात ना रे."

"काका आहेत की."

"त्यांना मोतीबिंदू झालाय. परवा एका बगळ्याचे दोन बगळे केले आणि मला म्हणतात, मी एकटाच दोघांच्या जागी!"

मुलगा हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी गेला. नाही म्हणायलाही जोर लागतो, तेवढा त्याच्याकडे नव्हता.

तलावावर तो मला डोळ्यांना लावून उभा राहायचा. माझ्यात हिरवं-तपकिरी पाणी नुसतं हलत होतं. मावशी म्हणायची, "शेकाट्या. लाल पायांचा. दिसला?" तो म्हणायचा, "हो." ती म्हणायची, "धोबी, दगडावर." तो म्हणायचा, "हो." शेकाट्या नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता, धोबी शेपटी हलवत होता, म्हणून ते खपून गेलं. दारावर नावं चढत गेली. घरी आईने विचारलं, "काय दिसतं रे तिथे?"

"काही नाही."

"मग जातोस कशाला?"

"दोघं लागतात."

आई भाजी निवडायला लागली. तिनेही तेव्हा फार प्रश्न विचारणं सोडलं होतं.

मग ती सकाळ आली. मावशीने एकदम त्याचं मनगट धरलं.

"हलू नकोस. ते वाळकं झाड. खालून दुसरी फांदी, टोकाकडे. साल निघाल्यासारखं दिसतंय बघ. साल नाही ती." ती कुजबुजली. "मानमोडी आहे रे. दिसली?"

त्याने मला उचललं. माझ्यात एक करडा डाग होता, तो झाडही असेल आणि आभाळही.

"दिसली?"

"हो."

"मान वळवली बघ!"

"हो."

मी खोटं दाखवत नाही. पण मला कोण विचारतंय?

पक्षी झाडामागे गेला. मावशीने पदराने डोळे पुसले, दारापाशी गेली आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, मानमोडी. काका आले, दाराला नाक लावून त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आज याचा बाप असायला हवा होता." मावशी रडत होती, काका नाक ओढत होते. मुलगा मधे उभा होता. त्याला वाटत होतं की आपल्यालाही आता काहीतरी व्हायला हवं. काहीच झालं नाही.

"दे रे ती," मावशी म्हणाली. "ती बसली होती त्या फांदीकडे एकदा तुझ्या बापाच्या दुर्बिणीतून बघते."

तिने मला डोळ्यांना लावलं. सवयीने तिचं बोट चाकावर गेलं आणि थांबलं. तिने मला खाली घेतलं, माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"ही तर अगदी जवळचं बघायला लावलीय. इतक्या जवळ इथे काहीच नाही. कुठलं आहे हे?"

"दवाखान्यासमोरचा सज्जा," तो जमिनीकडे बघून म्हणाला. "बाबांनी लावलं होतं. हात लावू नकोस म्हणाले."

मावशीने बोट चाकावरून उचललं. अगदी जपून, गरम भांड्यावरून उचलावं तसं. मला तिने होते तशीच त्याच्या हातात दिली.

काका दाराकडे बघत होते. "म्हणजे दारावर..."

"तुम्ही पंप बघा जरा," मावशी म्हणाली. काका गेले.

ती पंपघराच्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, "मी रागावले नाहीये. मला ती दारावर हवी होती, म्हणून मीही नीट विचारलं नाही. आता तुझ्यावर आहे. वारा फिरलाय. संध्याकाळी ती निघाली तर परत या वर्षी नाही. राहिली तर उद्या सकाळी तिथेच येईल, त्या झाडाला मुंग्या आहेत. तोपर्यंत नाव राहू दे. उद्या तू सांगशील ते खरं."

"आणि चाक?"

"ते मी कसं सांगू? तुझा बाप मला काही म्हणाला नव्हता."

त्या दिवशी त्याने दोन काचा चुकीच्या मापाच्या कापल्या. संध्याकाळी तो खिडकीत उभा राहिला. समोरच्या दांडक्यावर काहीच वाळत नव्हतं. त्याने मला खाली ठेवलं. आई मागे येऊन उभी होती.

"ते म्हणाले होते चाकाला हात लावू नकोस," तो तिला म्हणाला. घरात त्याने हे पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

"ते मला रोज म्हणायचे, दुधावर लक्ष ठेव," आई म्हणाली. "अजून ठेवते मी. दूध उतू जातं तरी."

आणि ती आत गेली. ती हसत होती की नाही, ते ती पाठमोरी असल्यामुळे मला कळलं नाही.

माझं सांगायचं आता संपत आलंय. माझ्या नळ्यांचा रंग उडालाय. एका भिंगाच्या कडेला बुरशीचा बारीक धागा धरलाय. तुमच्या कपाटावर माझ्या जातीची कोणी पडली असेल, तर तिला खाली काढा. तिच्यातून कोणी शेवटचं काय पाहिलं, ते तिने धरून ठेवलेलं नसतं. तिला तसं धरताच येत नाही. धरून ठेवणारी तुम्ही माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मावशीच्या आधी तलावावर गेला. पंपघराच्या पायरीवर बसला. मावशी आली, शेजारी बसली. उजाडल्यावर त्याने मला डोळ्यांना लावलं आणि चाकावर बोट ठेवलं. ते थोडं घट्ट झालं होतं. त्याने जोर दिला. माझ्यातलं ते जवळचं अंतर गेलं. आधी कुंपणाची तार आली, मग पाण्याची कड, मग वाळकं झाड. खालून दुसरी फांदी. सालीची एकेक भेग दिसत होती, मुंग्यांची रांग दिसत होती. फांदीच्या टोकाला काही नव्हतं.

त्याने पूर्ण झाड बघितलं. मग शेजारचं. मग पुन्हा तीच फांदी.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "आणि काल पण मला नव्हती दिसली."

"बरं," मावशी म्हणाली.

ती उठायला लागली, पण तोच उठला. दाराशी जाऊन त्याने ते नाव तळहाताने पुसलं. मग परत येऊन पायरीवर बसला, मला उचललं आणि दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी बघत राहिला. मधेच मला खाली घेऊन त्याने तळहात पँटला पुसला आणि पुन्हा बघायला लागला.