बारा वाजायला अकरा मिनिटं

माझी ताई एकतीस वर्षं पोस्टात खिडकीवर बसतेय. बसून बसून कंबर धरली, साखर वाढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "चाला." ताई चालायला लागली आणि एक दिवस चालता चालता पळाली. का, ते तिलाही सांगता येत नाही. फाटकापासून विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत पळाली आणि खांबाला धरून ओकली. दुसऱ्या दिवशी चौथ्या खांबापर्यंत गेली.

वर्षभराने तिने मॅरेथॉनला नाव दिलं. अर्धी नाही, पूर्ण. बेचाळीस किलोमीटर! भाऊजी म्हणाले, "पन्नाशी उलटली, आता गुडघे उलटायचेत का?" मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पण ताईने एकदा मनावर घेतलं की संपलं. पाच महिने ती उजाडायच्या आत उठली. पळून येऊन, डबे भरून साडेनवाला खिडकीवर हजर. रविवारी तलावाभोवती फेऱ्या, आधी तीन, मग पाच, मग सात. पायाची दोन नखं काळी पडून गळाली. धावणाऱ्यांच्या एका गटात गेली, तर तिथला प्रशिक्षक म्हणाला, "काकू, फोटोत जरा मागे उभ्या राहा. सगळे फिट दिसायला हवेत." त्या दिवशी ती माझ्याकडे आली तेव्हा नुसती धुमसत होती. "मी काय कोपऱ्यात ठेवायची कुंडी आहे?" तिने तो गट सोडला, आणि तिच्यामागोमाग एक नर्सबाईही बाहेर पडल्या. दोघी सारख्याच सावकाश, सारख्याच चिवट. मग दोघीच पळायच्या.

स्पर्धेचं नियमपत्रक ताईने तीनदा वाचलं होतं. सुरुवात पहाटे साडेपाचला, शेवट दुपारी बाराला. साडेसहा तास. तिचा हिशोब सव्वासहा तासांचा होता.

मी आणि भाऊजी दहापासून शेवटच्या कमानीपाशी उभे होतो. भाऊजींच्या हातात ताईच्या चपलांची पिशवी. अकरा वीसला दोन कामगार शिडी घेऊन आले आणि कमानीच्या दोऱ्या सोडायला लागले. तिसरा माणूस जमिनीवरची ती पट्टी गुंडाळू लागला, जिच्यावरून पाय गेला की वेळ नोंदली जाते.

मी संयोजकांना गाठलं. गळ्यात ओळखपत्र, हातात थंड पेयाचा ग्लास.

"अहो, अजून चाळीस मिनिटं आहेत!"

"मॅडम, सगळे आलेत."

"सगळे? माझी बहीण सगळ्यांत मोडत नाही का?"

"मागे राहिलेल्यांना आम्ही गाडीतून आणतोय. त्यांच्याच भल्यासाठी." असं म्हणून ते दुसऱ्या कुणाशी तरी हसून बोलायला लागले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि मग भाऊजी, जे भाजीवाल्याशीसुद्धा आवाज चढवत नाहीत, पिशवी घेऊन गेले आणि त्या पट्टीवर फतकल मारून बसले.

"काका, उठा."

"बारा वाजले की उठतो."

कामगार बिचारा गोंधळला. त्याची काय चूक? तो शिडीवरच्यांना म्हणाला, "थांबा रे, घड्याळ बघून सोडू." वेळ नोंदणाऱ्या मशीनचं बटणही त्यानेच पुन्हा चालू केलं.

तिकडे ताई आणि नर्सबाईंचं काय चाललं होतं, ते नंतर कळलं. चौतिसाव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं, पाणी नव्हतं. नुसते चुरगळलेले ग्लास. दोघींनी एका गॅरेजसमोरच्या नळाला तोंड लावलं. पुढे रस्ता वाहनांना खुला झालेला, मागून हॉर्न. छत्तिसाव्याला गाडी आली. आतला माणूस म्हणाला, "बसा, वेळ संपली."

"किती वाजलेत?" ताईने पळता पळताच विचारलं.

"वेळ संपली म्हणतोय ना!"

"मी किती वाजलेत विचारलं. माझ्या खिडकीवर पाचची वेळ लिहिलेली आहे. पाचला दोन कमी असताना माणूस धापा टाकत आला, तर मी त्याच्या तोंडावर खिडकी नाही लावत. तुम्ही पत्रकात बारा छापलंय ना? मग बाराला या!"

गाडी बराच वेळ त्यांच्या मागे रेंगाळली, जनावरं हाकावीत तशी. दोघींनी मागे वळून पाहिलं नाही.

अकरा एकोणपन्नासला त्या वळणावर दिसल्या. ताई पळत होती असं म्हणवत नाही, पण थांबलीही नव्हती. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे ओघळ. भाऊजी पटकन बाजूला झाले, दोघींचे पाय पट्टीवर पडले आणि मशीन वाजलं. टाळ्या वाजवायला मी, भाऊजी आणि शिडीवरचे दोघं.

पदकं ट्रकमध्ये चढली होती. "घरी पाठवू," संयोजक म्हणाले. ताई ट्रकच्या मागच्या फळीला पाठ टेकून रस्त्यावरच बसली. "मी इथेच आहे. काढा."

काढावी लागली. तेवढ्यात आणखी नऊ जण आले, सगळे बाराच्या आत. त्यांनाही मिळाली. गाडीतून आणलेले मात्र सतरा होते. त्यांतली एक बाई हुंदके देत होती. तिचे दोनच किलोमीटर उरले होते, आणि हातात वीस मिनिटं होती.

ताईला आनंद झाला का, असं सगळे विचारतात. झाला, पण त्या बाईला पाहून तो तिथेच विरला. दुसऱ्या दिवशी ताईने त्या सतराजणांच्या वतीने पत्र लिहिलं, पोचपावतीसह रजिस्टर केलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दिलगिरी नाही, चूक मान्य नाही. पुढच्या वर्षीपासून वेळेची मर्यादा सहा तास राहील, "सहभागींच्या सुरक्षिततेसाठी".

ताईने ते दोनदा वाचलं. "निर्लज्ज," म्हणाली, आणि दुसरं पत्र लिहायला बसली.