यारोस्लाव्हलला फक्त माझा आवाज गेला

राजशेखर नववीत असताना मल्लेशच्या वहीतून इतिहासाची उत्तरं उतरवायचा, तेही न वाचता. एकदा तर उत्तराखाली मल्लेशची सहीसुद्धा उतरवून आणली होती. सगळा वर्ग हसला, मीही हसले आणि सोडून दिलं. तेव्हाच कान पिळायला हवा होता.

पुढे त्याने सोलापुरातच, सात रस्त्याला सहलींचं ऑफिस काढलं. यंदा मार्चमध्ये घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, “बाई, सप्टेंबरला रशियाची टूर काढतोय. माहिती सांगायला तुमी चला की. बसमधली बारा नंबरची सीट तुमची, खिडकीची. तुमच्याकडनं कायबी घ्यायचं न्हाय.”

तीस वर्षं मी जगाचा इतिहास शिकवला आणि स्वतः पाहिलं काय, तर हंपी आणि विजापूर. व्होल्गा नदी मी फळ्यावर निळ्या खडूने किती वेळा काढली असेल, देव जाणे. ती एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच हाव होती. मी लगेच हो म्हटलं.

दौऱ्यातलं मुख्य शहर यारोस्लाव्हल, व्होल्गेच्या काठावरचं, हजार वर्षांचं. दोन महिने पुस्तकांतून मी तिथेच राहत होते म्हणा ना. यारोस्लाव राजाने कुऱ्हाडीने अस्वल मारलं आणि तिथे गाव वसवलं, अशी तिथली दंतकथा. म्हणून शहराच्या चिन्हावर अजून अस्वल आहे. पांढऱ्या भिंतींचा मठ, व्यापारी भावांनी बांधलेलं आणि आतून छतापर्यंत चितारलेलं एलिया संताचं चर्च, काठावरची लिंडनची झाडं, सगळं वहीत उतरवलं. अंतर मात्र मी कधी किलोमीटरमध्ये सांगत नाही. मठापासून चर्च किती लांब, तर सात रस्त्यावरून पार्क चौकात चालत जावं तेवढं. पोरांना असंच कळतं आणि मोठ्यांनाही.

जूनमध्ये राजशेखर पुन्हा आला. “बाई, तितल्या थंडीत तुमचा घसा बसला तर? मोबाईलात आवाज भरून ठिवा की.” पटलं मला. स्वयंपाकघराचं दार लावलं, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि घामाघूम होत तासभर बोलले.

निघायच्या आठ दिवस आधी तो तोंड पाडून आला. “बाई, तुमचा व्हिसा नाकारला ओ. बाकी समद्यांचा आला.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मीच त्याची समजूत घातली, चहा पाजला आणि म्हटलं, निदान माझा आवाज तरी घेऊन जा. किती खुळी मी!

यारोस्लाव्हलला पोचल्या दिवशी दुपारी चंद्रिकाचा फोन आला. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो, ती या सहलीला गेली होती. “वैजयंती, तुजा व्हिसा निघायच्या तोंडावर नाकारला म्हणालीस न्हवं? मग बारा नंबरवर करकंबचे सयाजीराव कसे? ते म्हणतात, सीट मे महिन्यातच घेतलीय. आणि हा राजशेखर समद्यांना सांगतोय, आवाज पुण्याच्या स्टुडिओत करून घेतलाय म्हणून!”

मे महिन्यात. म्हणजे मी पंखा बंद करून बोलत होते, तेव्हा माझी खिडकी जाऊन महिना झाला होता. रडू आलं ते सीटसाठी नाही, त्याला पाजलेल्या चहासाठी आलं.

तासाभरात त्याचाच फोन. “बाई, लई घोटाळा झाला. रस्ता बंद हाय, बस उलटी चाललीय. तुमी उजवीकडं नदी म्हणता आणि लोकांना दिसतात इमारती. आमी जेवायला थांबलोय. तेवढ्यात नीट करून पाठवा की.”

“पाठवते,” मी म्हटलं.

सगळं नीट केलं. लोकांनी माझं काय वाईट केलं होतं? आधी चर्च घेतलं, मग मठ, डावं-उजवं बदललं, दोन नद्यांचा संगम शेवटी ठेवला. तिथे बोलले, “इथे कोतोरोस्ल नदी व्होल्गेला मिळते, आपल्या हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते तशी. मी वैजयंती, सोलापूरची इतिहासाची शिक्षिका. हा आवाज स्टुडिओतला नाही, माझ्या स्वयंपाकघरातला आहे. बारा नंबरची सीट राजशेखरने मला कबूल केली होती आणि मेमध्ये दुसऱ्याला दिली. मग व्हिसा नाकारला म्हणून माझ्यासमोर रडला. सयाजीराव, तुमची चूक नाही. तुम्ही खिडकीतून नीट बघून घ्या.”

तो आधी ऐकणार नाही, याची मला खात्री होती. नववीपासून ओळखते त्याला.

संध्याकाळी चंद्रिकाने व्हिडिओ पाठवला. बसमध्ये माझा आवाज घुमतोय, राजशेखर तो बंद करायला धडपडतोय आणि बटण काही सापडत नाही. सयाजीराव आधी खाली बघत राहिले, मग उठून उभे राहिले. सीट रिकामी झाली. तिच्या खिडकीत काहीतरी निळसर दिसलं, तेवढ्यात चंद्रिकाने मोबाईल राजशेखरच्या तोंडावर वळवला.

तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला. राजशेखरचं तोंड बघत नाही, खिडकीपाशी येऊन थांबवते. नदी आहे की आभाळ, काही केल्या कळत नाही.