बटाट्याचं कार्ड

लिऊबाईंच्या आणि माझ्या मैत्रीत आम्ही एकमेकींशी धड एक वाक्यही बोललो नव्हतो. इथे परदेशात, मुलाकडे श्रूजबरीत, आमच्या परसाला लागूनच त्यांचं परस. त्यांना चिनी सोडून काही येत नाही आणि माझं इंग्रजी दुकानापुरतं. दोन्ही घरची मुलं कामावर गेली की आम्ही कुंपणापाशी भेटायचो. मी मेथीची जुडी द्यायची, त्या कांद्याची पात द्यायच्या. खुणांवर सगळं भागत होतं.

मग कळलं, की त्या धाकट्या मुलीकडे दूर प्लेनोला कायमच्या राहायला निघाल्यात. मला फार वाईट वाटलं. इथे मुलाच्या ओळखीची माणसं ढीगभर आहेत, पण माझी मी जोडलेली ही एकटीच. जाण्याआधी ‘तुम्ही माझी मैत्रीण आहात’ हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं मी ठरवलं. फोन भाषांतर करून बोलतो म्हणे. पण मग मैत्रीण फोनची झाली, माझी कुठे?

माझ्या सुनेने, इशिताने, चिनी शब्दांची छापायची कार्डं नेटवर शोधून दिली. पुढे इंग्रजी शब्द, मागे चिनी, तोही इंग्रजी अक्षरांत. “आई, प्रिंट मी संध्याकाळी काढते, बाबांना हात लावू देऊ नका,” असं बजावून ती ऑफिसला गेली.

पण आमचे मोरेश्वर म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क. कोरा कागद दिसला की त्यांचा जीव कासावीस होतो.

“दोन पानं छापून पाठीला पाठ चिकटवा म्हणतायत,” सूचना वाचून ते म्हणाले. “कागद काय झाडाला लागतो? एकाच पानाच्या दोन्ही बाजूंना छापतो.”

छापली, कापली, वर चिकटपट्टीही लावली.

“अहो, मागचे शब्द उलटे आलेत,” मी म्हटलं.

“मग कार्ड उलटं धर.”

मी धरलं. पोळ्या लाटताना, कपड्यांच्या घड्या घालताना पाठांतर चालू. सगळ्यात जास्त घोकलं ते ‘फ्रेंड’चं कार्ड. मागे लिहिलं होतं ‘तुदौ’. मोरेश्वर येताजाता विचारायचे आणि मी झोपेतून उठवलं तरी उत्तर द्यायची. लिऊबाईंसमोर मात्र अवाक्षर काढलं नाही. त्यांना चकित करायचं होतं.

निघायच्या दिवशी त्यांच्या दारात सामानाने भरलेली गाडी उभी होती. मी त्यांचा हात धरला, त्यांच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि सावकाश म्हणाले, “तुदौ.”

लिऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी गाडीतल्या खाऊच्या पिशवीत हात घालून मला एक उकडलेला बटाटा दिला.

त्यांची इथली थोरली मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. “आंटी, यू कॉल्ड हर अ पोटॅटो.”

मी वळून मोरेश्वरांकडे पाहिलं. त्यांनी खिशातून ‘फ्रेंड’चं कार्ड काढलं, मागेपुढे फिरवलं आणि पडेल आवाजात म्हणाले, “मागची बाजू उलटी छापली गेली वाटतं. पानाच्या एका टोकाच्या शब्दांना दुसऱ्या टोकाचे अर्थ चिकटलेत.”

“म्हणजे सगळंच चुकीचं पाठ केलं मी?”

“पाठ मात्र चोख केलंस,” ते म्हणाले.

मला रडूच आलं. एवढं एक सांगायचं होतं, तेही बटाट्यात गेलं. मोरेश्वरांच्या हातातलं कार्ड लिऊबाईंनी मागून घेतलं. एका बाजूला ‘फ्रेंड’, दुसऱ्या बाजूला बटाटा. मुलीने त्यांना काहीतरी समजावलं. त्या आधी खूप हसल्या, मग त्यांचेही डोळे भरले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “तुदौ.” कार्ड पर्समध्ये टाकून त्या गाडीत बसल्या.

त्याच आठवड्यात मोरेश्वरांनी सगळी कार्डं नव्याने छापली, इशितासमोर, दोन वेगळ्या पानांवर. मैत्रिणीला ‘फंग्यौ’ म्हणतात हे मला आता पक्कं माहीत आहे.

पण सकाळी प्लेनोहून व्हिडिओ कॉल येतो, पडद्यावर लिऊबाईंचा चेहरा दिसतो आणि त्या विचारतात, “तुदौ?”

“तुदौ,” मी म्हणते, आणि परसातली मेथी दाखवायला फोन घेऊन बाहेर जाते.