वाटून घेतलेली कॅप्सूल

मी गोळ्यांची डबी बोलतेय. सात वारांचे सात खण आणि स्वभाव निमूट.

मास्तरांनी मला आणलं तेव्हा त्यांचा मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेचा कर्करोग, आधीच्या औषधांना न जुमानता उलटला होता. इस्पितळात दोन उपचारांची तुलना चालू होती. एका गटाला दोन औषधं. दुसऱ्याला तीच दोन, शिवाय रोज एक नवी कॅप्सूल. कोण कुठे, ते संगणक सोडत काढून ठरवायचा. मास्तरांना तिन्ही मिळाली. त्यांच्या जुन्या मित्राला, सुताराला, त्याच आजारासाठी दोनच.

"संगणकसुद्धा शिकलेल्यांच्या बाजूचा निघाला!" सुतार हसला. मास्तरांच्या ते जिव्हारी लागलं.

तिसऱ्या औषधाने फायदा होतो की नाही, हे अजून ठाऊक नाही, म्हणून तर तुलना, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. दोघांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात माणसं पटाईत.

मग मास्तर एक दिवसाआड माझ्यातली कॅप्सूल कागदात गुंडाळून सुताराकडे नेऊ लागले.

"घे. एक दिवस तुझी, एक दिवस माझी."

"वहिनींना कळलं तर?"

"तिला खण रिकामा दिसला की झालं."

खण रोज रिकामा असायचा. वहिनी, म्हणजे आमच्या बाई, मला उजेडात धरून म्हणायच्या, "म्हातारपणी का होईना, शिस्त आली म्हणायची!" माझ्या रिकामेपणाचं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि मला इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

काही महिन्यांनी दोघांचेही रिपोर्ट बिघडले.

"कॅप्सूल रोज घेता ना?" डॉक्टरांनी मास्तरांना विचारलं.

"रोज."

"मी स्वतः डबी बघते," बाईंनी ग्वाही दिली.

"मग ही तुम्हाला लागू पडत नाही. बंद करू."

बाहेर बाकावर सुतार थांबला होता. "काय म्हणाले?"

"बंद केली."

सुताराने मान खाली घातली. "माझ्यापायी, मास्तर."

"गप रे," मास्तर म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

पूर्ण घेतली असती तर ती लागू पडली असती का? कोण जाणे. डॉक्टरांच्या लेखी मात्र ती हरली. उद्या या खोट्या निकालाच्या जोरावर दुसऱ्या कुणाचं औषध ठरेल, ही बोच मला जास्त.

आज पुन्हा तपासणी आहे. बाईंनी मला पिशवीत टाकलंय. मास्तर, डॉक्टरांना खरं सांगा हो. माझं झाकण दुसऱ्यालाच उघडावं लागतं. तुमच्या तोंडाचं तसं नाही.